वडिलांची अ‍ॅस्पिरिन थांबवली, मग आईचीही थांबवायची का?

प्रश्न : माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढल्याचे आढळले, तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही सुरू केली आणि ‘हृदयासाठी ही आयुष्यभर घ्यायची’ असे बजावले. त्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कधीही आलेला नाही. ते डॉक्टर निवृत्त झाल्यामुळे गेल्या महिन्यात आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदपत्रे पाहिली आणि ‘ही गोळी आता नको’ एवढेच सांगून ती बंद केली. तेव्हापासून बाबा धास्तावले आहेत. अ‍ॅस्पिरिन एकदम बंद केल्यास झटका येतो असे संशोधन आहे, असे माझा भाऊ म्हणतो. आईला तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे आणि तीही हीच गोळी घेते. बाबांची बंद झालेली पाहून तिनेही चार दिवसांपासून ती सोडली आहे. एकाच गोळीबद्दल दोन डॉक्टर इतके विरुद्ध कसे सांगू शकतात? उद्या तिसरे डॉक्टर आणखी वेगळे सांगणार असतील, तर विश्वास कोणावर ठेवायचा?

उत्तर : तुमच्या पत्राचा रोख वडिलांच्या गोळीवर आहे, पण त्यातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही एका ओळीत ओझरती लिहिली आहे, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. तुमच्या आईंची गोळी कोणत्याही डॉक्टरांनी बंद केलेली नाही. ती त्यांनी दुसऱ्या माणसाला मिळालेल्या सल्ल्यावरून सोडली आहे, आणि तो सल्ला त्यांना लागू होत नाही. हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि स्टेंट कधी बसवला, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत व अ‍ॅस्पिरिन किती दिवस चुकली आहे, हे स्पष्ट सांगा. दरम्यान त्यांना काळी, डांबरासारखी शौचास झाली असेल, उलटीतून रक्त पडले असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर तेही सांगा. यांतले काहीही नसेल, तर गोळी आजच पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळण्याची दाट शक्यता आहे. आणि छातीत दडपण, दम लागणे किंवा दरदरून घाम असे काही जाणवत असेल, तर फोनवर चर्चा करत न बसता त्यांना थेट रुग्णालयात न्या.

चार दिवसांनी काय बिघडते, असे त्यांना वाटत असेल, तर गोळीचे काम कसे चालते ते त्यांना समजावून सांगा. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी रक्तवाहिनीला इजा झालेल्या जागी एकमेकींना चिकटतात आणि गुठळी धरण्यास सुरुवात होते. अ‍ॅस्पिरिन या पेशींमधले एक विकर कायमचे निकामी करते आणि ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारणतः ७ ते १० दिवस, तिची चिकटण्याची क्षमता कमी राहते. परंतु शरीर रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट नव्याने तयार करत असते, आणि या नव्या पेशींना अ‍ॅस्पिरिनचा स्पर्शही झालेला नसतो. त्यामुळे चार दिवस गोळी न घेतलेल्या माणसाच्या रक्तात पूर्ण क्षमतेने चिकटू शकणाऱ्या प्लेटलेट पुरेशा प्रमाणात तयार झालेल्या असतात. ज्या रक्तवाहिनीत एकदा अडथळा झालेला आहे आणि जिच्यात धातूची जाळी बसवलेली आहे, तिच्यासाठी हे संरक्षण काढून घेणे धोक्याचे ठरू शकते. दात काढायचा आहे किंवा डोळ्याचे ऑपरेशन आहे म्हणून कोणी ‘चार दिवस गोळी थांबवा’ असे सांगितले, तरी स्टेंट असलेल्या व्यक्तीने हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये, हेही याच निमित्ताने घरात सर्वांना सांगून ठेवा.

आता दोन डॉक्टरांच्या विरोधाकडे येऊ. हा विरोध वाटतो तितका खरा नाही. अ‍ॅस्पिरिनबाबत विचारायचा पहिला प्रश्न असा असतो की समोरच्या माणसाला झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिनीतला गंभीर अडथळा आधी होऊन गेला आहे की नाही. होऊन गेला असेल, तर तो पुन्हा होऊ नये म्हणून गोळी दिली जाते. याला वैद्यकात दुय्यम प्रतिबंध म्हणतात. काहीच झाले नसेल आणि पुढे होऊ नये म्हणून गोळी दिली, तर तो प्राथमिक प्रतिबंध. तुमच्या आई पहिल्या प्रकारात बसतात आणि वडील दुसऱ्या. एकाच डबीतल्या या गोळीचा हिशोब या दोन प्रकारांत पूर्णपणे वेगळा निघतो.

दुय्यम प्रतिबंधाचा पुरावा भक्कम आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ९.४ टक्के रुग्ण दगावले, तर निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपैकी ११.८ टक्के. पुढे २००९ साली अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यात दोन्ही प्रकारांची तुलना शेजारी शेजारी पाहायला मिळते. आधी त्रास होऊन गेलेल्यांमध्ये झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू अशा गंभीर घटनांचे वार्षिक प्रमाण अ‍ॅस्पिरिनशिवाय ८.२ टक्के आणि अ‍ॅस्पिरिनसह ६.७ टक्के होते. म्हणजे अशा १,००० माणसांनी वर्षभर गोळी घेतली, तर सुमारे १५ गंभीर घटना टळतात. ज्यांना आधी काहीही झालेले नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण ०.५७ टक्क्यावरून ०.५१ टक्क्यावर आले, म्हणजे १,००० माणसांमागे वर्षाला एकही पूर्ण घटना टळली नाही. दोन्हीकडे गोळी तीच आहे आणि प्लेटलेटवरचे तिचे कामही तेच आहे. पण टाळण्याजोगा धोका मुळातच लहान असेल, तर गोळी तरी किती टाळणार?

लहान का असेना, फायदा तर आहे, मग घेतली तर बिघडले कुठे, असे तुमचे वडील विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जठरात आहे. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन या रसायनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले, आणि या विषयावरील कामासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्लेटलेटना चिकट करणारे रसायन याच कुटुंबातले आहे, आणि जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी रसायनेही त्याच कुटुंबातली आहेत. त्यामुळे फायदा आणि अपाय एकाच क्रियेतून येतात; एक घेऊन दुसरा सोडण्याची पूर्ण सोय नाही. गोळीवर जठरात न विरघळणारे आवरण असले, तरी रक्तात गेल्यावर ती तेच काम करते, म्हणून ‘आवरण आहे, पोटाला काही होत नाही’ या भरवशावर राहू नये. जठरातला आणि आतड्यातला रक्तस्राव हा अ‍ॅस्पिरिनचा मुख्य धोका आहे, मेंदूतला रक्तस्राव त्याहून विरळा पण अधिक भयंकर आहे, आणि हे दोन्ही धोके वयाबरोबर वाढतात. तुमच्या आईंच्या बाबतीतही हा धोका आहेच; फक्त त्यांच्याकडे दुसऱ्या पारड्यात मोठा फायदा आहे, आणि गरज असेल तर आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देऊन धोका कमी करता येतो.

मग १४ वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी वडिलांना ही गोळी का दिली? त्यांचा निर्णय त्या काळाच्या समजुतीला धरून होता. या समजुतीचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर केलेली चाचणी, जिच्यात निम्म्यांना एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. तिचा अंतिम अहवाल १९८९ साली आला आणि अ‍ॅस्पिरिनमुळे पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले, हा आकडा जगभर गेला. तो आकडा खरा आहे. पण त्यामागच्या संख्या पाहा : सुमारे पाच वर्षांत अ‍ॅस्पिरिन गटातल्या ११,०३७ जणांपैकी १३९ जणांना झटका आला आणि दुसऱ्या गटातल्या ११,०३४ जणांपैकी २३९ जणांना. म्हणजे पाच वर्षांत १,००० माणसांमागे साधारण ९ झटके टळले आणि उरलेल्या जवळपास साऱ्यांना गोळीने फरक पडला नाही. हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेल्या मृत्यूंमध्ये तर दोन गटांत फरक दिसलाच नाही. औषधाच्या फायद्याची बातमी ‘इतक्या टक्क्यांनी घट’ या रूपात येते तेव्हा ‘किती माणसांत किती’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा असे मला फार वाटते, कारण ४४ टक्के आणि हजारात नऊ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि माणूस निर्णय मात्र पहिल्या आकड्यावर घेतो. शिवाय त्या चाचणीत एकही स्त्री नव्हती, आणि सहभागी सारे स्वतः डॉक्टर असल्यामुळे ते सर्वसामान्य लोकांहून अधिक निरोगी होते.

त्यानंतरच्या तीस वर्षांत जग बदलले. अनेक देशांत धूम्रपान घटले, रक्तदाबावर चांगली औषधे आली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे सर्रास दिली जाऊ लागली. पहिला झटका येण्याचा धोका या इतर उपायांनीच कमी झाल्यामुळे अ‍ॅस्पिरिनच्या वाट्याला टाळण्यासारखे थोडेच उरले, रक्तस्रावाचा धोका मात्र होता तिथेच राहिला. हे खरोखर तसे आहे का, याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली आणि २०१८ साली एकाच वर्षात तीन चाचण्यांचे निष्कर्ष आले.

त्यांतली तुमच्या वडिलांना सर्वांत जवळची चाचणी म्हणजे अ‍ॅस्प्री. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ वृद्ध तिच्यात सहभागी झाले. बहुतेक सारे ७० वर्षांवरील, आणि कोणालाही हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा अपंगत्व नव्हते. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली, आणि कोणाला कोणती मिळते आहे हे ना रुग्णांना ठाऊक होते ना त्यांच्या डॉक्टरांना. या चाचणीचा मुख्य प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो, कारण संशोधकांनी प्रयोगशाळेतला एखादा आकडा न मोजता म्हातारपणी माणसाला खरोखर हव्या असलेल्या गोष्टीचा विचार केला : स्मृतिभ्रंश आणि कायमचे परावलंबित्व न येता माणूस किती काळ जगतो? सुमारे पावणेपाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या बाबतीत दोन गटांत काहीही फरक आढळला नाही. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या घटना अ‍ॅस्पिरिन गटात ४४८ आणि दुसऱ्या गटात ४७४ होत्या, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. गंभीर रक्तस्राव मात्र अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांना झाला आणि न घेणाऱ्यांपैकी २.८ टक्के लोकांना. एकूण मृत्यूंचे प्रमाणही अ‍ॅस्पिरिन गटात ५.९ टक्के, म्हणजे दुसऱ्या गटातील ५.२ टक्क्यांपेक्षा किंचित अधिक होते. या वाढीचे मोठे कारण कर्करोगाचे मृत्यू होते. आधीच्या अभ्यासांत तसे दिसले नसल्याने स्वतः संशोधकांनीच तो निष्कर्ष सावधपणे घ्यावा असे म्हटले आहे, त्यामुळे वडिलांनी त्या आकड्याने घाबरून जाऊ नये. पुढे याच सहभागींच्या नोंदींच्या विश्लेषणातून २०२३ साली असे दिसले की अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांमध्ये रक्तक्षय होण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी अधिक होते. डोळ्यांना दिसणारा रक्तस्राव झाला नाही, तरी अन्नमार्गातून थोडे थोडे रक्त महिनोन्महिने जात राहू शकते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

उरलेल्या दोन चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते. असेंड ही चाचणी मधुमेह असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० लोकांवर झाली. तिच्यात गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या आणि गंभीर रक्तस्राव ३.२ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेला. म्हणजे जे मिळाले ते जवळजवळ सगळे दुसऱ्या हाताने गेले. अराइव्ह या तिसऱ्या चाचणीत मध्यम धोका असलेले लोक घ्यायचे ठरले होते, पण झटके अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले आणि अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही. त्यानंतर २०१९ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ७० वर्षांवरील व्यक्तींना केवळ प्राथमिक प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन सरसकट देऊ नये, असे मार्गदर्शन केले. २०२२ साली तेथील प्रतिबंधक उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने ६० वर्षे किंवा त्यापुढील व्यक्तींना या कारणासाठी ती नव्याने सुरू करू नये, असे सांगितले. ४० ते ५९ या वयात, पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका १० टक्के किंवा अधिक असेल आणि रक्तस्रावाची शक्यता कमी असेल, तर डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावे, असे तिने म्हटले आहे.

या सगळ्यावरून तुमच्या नव्या डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. तो ज्या रीतीने कळवला गेला ती रीत मात्र पटत नाही. ‘आयुष्यभर घ्यायची’ असे सांगून दिलेली गोळी १४ वर्षे न चुकता घेणाऱ्या माणसाला ‘आता नको’ या दोन शब्दांत सोडून देणे बरोबर नव्हे. तो माणूस त्यातून एवढेच समजतो की एक तर आधीचे डॉक्टर चुकले किंवा हे चुकत आहेत. पण मला याहून गंभीर वाटते ती मधली वर्षे. २०१८ साली हे निष्कर्ष आले तेव्हापासून आजपर्यंत तुमच्या वडिलांची गोळी कोणी तपासून पाहिली नाही. चिठ्ठीवरून नवी चिठ्ठी लिहिली जात राहिली. औषध सुरू करताना डॉक्टर विचार करतात, रुग्ण विचारतो, कुटुंब चर्चा करते. पण ते चालू ठेवताना कोणीच काही ठरवत नाही, ते आपोआप चालू राहते. वय वाढते, मूत्रपिंडाचे काम मंदावते, दुसरी औषधे जोडली जातात आणि जुन्या गोळीचा हिशोब कोणाच्या लक्षात न येता उलटतो. म्हणून साठीपुढच्या प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा सर्व गोळ्या, अगदी दुकानातून स्वतःहून आणलेल्याही, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि प्रत्येक गोळीबद्दल ‘ही कशासाठी, आणि आजही हवी आहे का’ असे विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तुमच्या भावाचे म्हणणेही निराधार नाही. २०१७ साली स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक लोकांच्या औषधखरेदीच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठी शस्त्रक्रिया किंवा मोठा रक्तस्राव झालेला नसताना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन थांबवलेल्यांमध्ये झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले. मात्र त्या अभ्यासात तुमच्या आईंसारखे आणि वडिलांसारखे असे दोन्ही प्रकारचे लोक होते, आणि धोक्यातली वाढ आधी त्रास होऊन गेलेल्यांमध्ये अधिक होती. दुसरे असे की तिथे कोणाची गोळी थांबवायची हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. लोकांनी ती आपापल्या कारणांनी थांबवली होती. गोळी सोडून देणारा माणूस पुष्कळदा इतर औषधेही सोडतो, तपासणीला जात नाही, किंवा त्याची प्रकृती आधीच ढासळू लागलेली असते. नुसत्या नोंदींवरून गोळीचा परिणाम या बाकीच्या कारणांपासून पूर्ण वेगळा काढता येत नाही. अ‍ॅस्प्रीत मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते, आणि तिच्यातले सुमारे ११ टक्के सहभागी त्याआधी नियमित अ‍ॅस्पिरिन घेत असत.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. अ‍ॅस्पिरिनवरच्या बहुतेक चाचण्या ‘सुरू करावी का’ या प्रश्नावर झाल्या आहेत, ‘वर्षानुवर्षे घेत असलेल्याने थांबवावी का’ यावर नव्हे, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे तंतोतंत सारखीच असतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच मी वर उल्लेख केलेल्या समितीने सुरू करण्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली, तर थांबवण्याबाबत वयाच्या पंच्याहत्तरीच्या आसपास विचार करावा, अशी सौम्य भाषा वापरली. वडिलांच्या वयात, आधी काहीही झालेले नसताना, वाढत जाणारा रक्तस्रावाचा धोका पाहता थांबवणे सयुक्तिक आहे. पण हा तोलून घ्यायचा निर्णय आहे, आणि तोलताना वडिलांचा स्वतःचा इतिहास पूर्ण समोर असायला हवा.

तो पूर्ण समोर होता का, याची खात्री करण्यासाठी नव्या डॉक्टरांची आणखी एक भेट घ्या आणि वडिलांना बरोबर न्या. पूर्वी कधी काही मिनिटांसाठी बोलणे अडखळले होते का, हातपाय लुळा पडून पुन्हा ठीक झाला होता का, किंवा एका डोळ्यासमोर अंधारी आली होती का, हे त्यांना घरी निवांत विचारा. असे क्षणिक झटके लोक विसरून जातात, कागदावर ते कुठेच नसतात, आणि तसे काही घडले असेल तर वडील तुमच्या आईंच्या गटात जातात. चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागते का, कधी अँजिओग्राफी किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली होती का आणि तिच्यात अडथळा सांगितला होता का, हेही सांगा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा मोठा साठा आढळला असेल, तर काही तज्ज्ञ वेगळा विचार करतात. दुसऱ्या बाजूने, कधी अल्सर झाला होता का, सांधेदुखीसाठी ते वेदनाशामक गोळ्या घेतात का, स्टिरॉइड, रक्ताची गुठळी रोखणारे दुसरे औषध किंवा नैराश्यावरची काही औषधे चालू आहेत का, हे विचारले जायला हवे, कारण या साऱ्यांबरोबर अ‍ॅस्पिरिनचा रक्तस्राव वाढतो. इतकी वर्षे गोळी घेतली आहे, तेव्हा एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक प्रतिबंधासाठीची अ‍ॅस्पिरिन थांबवताना ती हळूहळू कमी करत नेण्याची सहसा गरज नसते.

वडिलांच्या भीतीवर केवळ आकड्यांचा इलाज होणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना वाटते की आपले कवच काढून घेतले. म्हणून डॉक्टरांना हेही विचारा की झटका टाळण्यासाठी आता काय करायचे आहे, आणि ते उत्तर वडिलांसमोर मिळू द्या. त्यांचा रक्तदाब कितीपर्यंत आणायचा, कोलेस्टेरॉल किती आहे आणि स्टॅटिनची गरज आहे का, साखर तपासली आहे का, तंबाखू कोणत्याही रूपात चालू आहे का, रोजचे चालणे किती आहे, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या हृदयासाठी त्या एका गोळीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहेत. अ‍ॅस्पिरिन बंद झाली म्हणून रागाने किंवा निराशेने त्यांनी रक्तदाबाची गोळीही सोडली, तर मात्र खरेच नुकसान होईल. तिच्यावर बारीक लक्ष ठेवा.

राहिला विश्वासाचा प्रश्न. सल्ला बदलतो म्हणून वैद्यक अविश्वसनीय ठरते, असे मला वाटत नाही. बदलायला हवा तेव्हा तो बदलला नाही, तर मला अधिक काळजी वाटेल. १९८० च्या दशकात झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाचे जादा ठोके थांबवण्यासाठी काही औषधे दिली जात, कारण असे ठोके पडणारे रुग्ण अधिक दगावतात हे माहीत होते आणि ही औषधे ते ठोके थांबवत. तर्क निर्दोष वाटत होता. मग कास्ट नावाच्या चाचणीत १,४९८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून यांतल्या दोन औषधांपैकी एक किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि न घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके थांबत होते आणि माणसे मरत होती, आणि ही चाचणी झाली नसती तर आपल्या डोळ्यांसमोर सुधारत जाणारा आलेख पाहून डॉक्टर ती औषधे देतच राहिले असते. तेव्हा तिसरे डॉक्टर उद्या वेगळे काही सांगतील, तर ते कशाच्या आधारावर, हे विचारा : बाबांच्या वयाच्या आणि प्रकृतीच्या माणसांवर चाचणी झाली आहे का, तिच्यात झटके आणि मृत्यू मोजले की फक्त रक्तातला एखादा आकडा, आणि हजार माणसांत किती जणांना फायदा व किती जणांना अपाय झाला. या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरांपेक्षा त्यांची उत्तरे शांतपणे देणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास ठेवावा.

शेवटी एक व्यावहारिक सूचना, कारण गोळी बंद झाली की लोक घरातली उरलेली पाकिटे टाकून देतात. वडिलांना पुढे कधी छातीत दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात पसरू लागला, घाम फुटला, दम लागला, तर आधी रुग्णवाहिकेला फोन करा आणि अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हे फोनवरच विचारा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर अशा वेळी साधारणतः ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, म्हणजे ७५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. रोज घेणे थांबवलेल्या माणसालाही हे लागू आहे. पण तोंड वाकडे झाले, हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर स्वतःहून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. तो पक्षाघात असू शकतो, आणि तो गुठळीमुळे आहे की मेंदूतल्या रक्तस्रावामुळे, हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्या.